वीस मीटर म्हणजे वीसच मीटर

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बीप टेस्टमध्ये, म्हणजे वीस मीटर अंतरात दर बीपला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावण्याच्या, हळूहळू वेग वाढत जाणाऱ्या चाचणीत, दहावी पातळी गाठल्याचा आनंद त्यात ओळीओळीतून दिसतो, आणि खो-खो सोडून स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे, वळावे का, हा तुझा प्रश्नही त्याच आनंदातून आलेला आहे. उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. गेल्या महिन्यात तुझ्या आजोबांना भेटायला घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीत आलो होतो, तेव्हा पार्किंगमधल्या ज्या दोन खांबांमध्ये तू धावतेस, त्यांच्यातले अंतर मी टेप लावून पाहिले. ते साडेअठरा मीटर भरले.

दीड मीटरने काय बिघडते, असे तुला वाटेल. कॅनडातील ल्यूक लेजे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी सगळी त्या वीस मीटरवरच उभी आहे. पहिल्या पातळीला वेग ताशी साडेआठ किलोमीटर असतो आणि पुढे दर मिनिटाला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो. या हिशेबाने दहाव्या पातळीचा वेग ताशी १३ किलोमीटर होतो. मात्र बीपच्या त्याच ठेक्यावर तू प्रत्येक फेरीत साडेअठराच मीटर कापत असशील, तर तुझा खरा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे आठवी पातळी. वरच्या दोन पातळ्या तू धावलीस असे तुझी वही म्हणते. त्या खरे तर बिल्डरने खांब जिथे उभे केले, त्याच्या खात्यात जातात.

शिवाय तू खो-खोची खेळाडू आहेस. खांबाला हात लावून अंग वळवण्याची सवय तुझ्या कमरेत मुरलेली आहे, त्यामुळे प्रत्येक वळणावर इतरांची जेवढी शक्ती जाते, तेवढी तुझी जात नाही. बीप टेस्ट दमसास मोजते हे खरे, पण त्याबरोबर वळणेही मोजते. सरळ ट्रॅकवर हा फायदा तुला मिळणार नाही, हे लक्षात ठेव.

क्रिकेटपटूंच्या यो-यो टेस्टमधील १६.१ या आकड्याशी तू आपल्या दहाची तुलना केली आहेस, ती करू नकोस. त्या चाचणीत दर ४० मीटरनंतर दहा सेकंदांची विश्रांती असते, आणि १६.१ म्हणजे सोळाव्या वेगपातळीची पहिली फेरी. तिथवर एकूण १,१२० मीटर धावणे होते. दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत, इतकेच.

मोजमापाबद्दल मी इतका हट्टी का, हे तुला सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच एका शालेय स्पर्धेत मी शंभर मीटरच्या शर्यतीला वेळाधिकारी होतो. नियम असा की स्टॉपवॉच पिस्तुलाच्या धुरावर दाबायचे, आवाजावर नाही, कारण आवाजाला शंभर मीटर कापायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. खरे तर पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळे हवीत आणि त्यांतली मधली वेळ धरायची असते. त्या दिवशी माणसे कमी होती आणि घड्याळ माझे एकट्याचेच होते. समोरून ऊन येत होते, धूर मला दिसला नाही, आणि मी आवाजावर अंगठा दाबला. मुलाची वेळ ११.१ लागली. मला त्याच क्षणी शंका आली होती, पण मैदानभर टाळ्या वाजत होत्या आणि मी गप्प राहिलो. पुढच्या स्पर्धेत तो ११.५ धावला. आपण मागे पडलो, या समजुतीने त्याने सराव दुप्पट केला आणि नडगी कायमची दुखावून घेतली. तो मागे पडला नव्हता, हे त्याला सांगायला मी फार उशीर केला.

मोठ्यांच्या बाबतीतही आकड्याबरोबर तो कसा मोजला हे सांगावेच लागते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग यांची चारशे मीटरची वेळ हातघड्याळाने ४५.६ सेकंद नोंदली गेली. त्याच धावेची विद्युत यंत्रावरची वेळ ४५.७३ होती. म्हणूनच परमजितसिंगने १९९८ मध्ये दिलेली ४५.७० ही वेळ वरवर जास्त दिसत असूनही राष्ट्रीय विक्रम ठरली. (जाता जाता: शुल्क भरून ‘विक्रमवीर’ असे प्रमाणपत्र मिळते त्या जाहिरातीचे कात्रण तू पाठवले आहेस. ज्या गोष्टीत दुसरे कोणी उतरलेलेच नाही, तिच्यात पहिले येण्यासाठी वडिलांचे पैसे घालवू नकोस.)

आता स्टीपलचेस. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. स्त्रियांसाठी अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो, आणि तो हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही. पाय अडकला तर आपणच पडतो. आपल्याकडे या शर्यतीत उतरणाऱ्या मुली कमी, म्हणून पदक सोपे, असा सल्ला तुला कोणी दिलेला दिसतो. तो अर्धवट आहे. साताऱ्याची ललिता बाबर या शर्यतीत आली ती मॅरेथॉनचा दम घेऊन. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. तिच्याजवळ दम होता, अडथळे ती मागाहून शिकली. तुझे नेमके उलटे आहे. कोणत्याही पायावर उसळी घेणे, ऐन वेळी पाऊल बदलणे हे खो-खोने तुला दिलेच आहे; साडेसात फेऱ्यांचा दम अजून कमवायचा आहे, आणि तो सहा महिन्यांत येत नाही.

म्हणून या हंगामात खो-खो सोडू नकोस. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक प्रियांका इंगळेच्या संघाने जिंकल्यापासून या खेळाला ‘शाळेतला खेळ’ म्हणून बाजूला सारण्याचे दिवस संपले आहेत. त्याबरोबर आठवड्यातून दोनदा उपवन तलावापासून येऊरच्या चढाकडे सावकाश धाव, इतकी सावकाश की बोलता आले पाहिजे. दर सहा आठवड्यांनी चाचणी घे. जागा, बूट आणि वेळ तीच ठेव. आकड्याच्या शेजारी हवाही लिही, कारण ऑक्टोबरच्या दमट सकाळी आलेला आकडा जानेवारीच्या आकड्यापुढे ठेवून रडण्यात अर्थ नसतो. वर्षभराने त्या वहीत काय दिसते ते पाहून स्टीपलचेसचे ठरवू.

‘दहा’ हा आकडा खोडू नकोस, त्याच्यापुढे ‘साडेअठरा मीटर, टाइल्स’ एवढे लिही. येत्या रविवारी सकाळी सहाला मी पोलादी टेप घेऊन येतो. शिवणकामाची टेप नको, ती ताणली जाते. तू खडू आण, आणि आवाज मोठा असलेला कोणाचा तरी स्पीकर.

तुझा,
काका