१८ सप्टेंबर धरा, १७ ऑक्टोबर नाही

प्रश्न: ऐरोलीच्या एका ताईंचं चार पानी पत्र आहे. नाव देऊ नका म्हणाल्या आहेत, देत नाही. ठाण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात २०२२ आणि २०२३ मध्ये तीन वेळा आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार) झालं, तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. दुसऱ्या सायकलनंतर मार्च २०२३ मध्ये मिळालेल्या डिस्चार्ज समरीत एक एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेला गर्भ) ट्रान्सफर केल्याची, म्हणजे गर्भाशयात सोडल्याची, आणि तीन फ्रीज केल्याची नोंद आहे. सप्टेंबरमध्ये मात्र कोऑर्डिनेटर म्हणाली, ‘फ्रीज केलेलं काही शिल्लक नाही, पहिल्यापासून करावं लागेल.’ पुन्हा पोटातली इंजेक्शनं, पुन्हा भूल, पुन्हा पैसे. जुलै २०२४ मध्ये वाशीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल चाळता चाळता विचारलं, ‘तुमचे ते तीन कुठे आहेत?’ तेव्हापासून केंद्राशी ईमेल चालू आहेत. केंद्राचं शेवटचं उत्तर एप्रिल २०२५ चं. तक्रार क्वालिटी टीमकडे पाठवली आहे, असं त्यात म्हटलंय आणि ताईंनी तिथे दिलेल्या पाच स्टारचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. आता ग्राहक आयोगात जाता येईल का, असं त्या विचारतात.

उत्तर: ताई, जाता येईल. पण मी हे २५ ऑगस्ट २०२५ ला लिहिते आहे आणि माझ्या हिशोबाने तुमच्याकडे फक्त चोवीस दिवस उरले आहेत.

पत्रात तुम्ही दोन तारखा लिहिल्या आहेत. तुमच्या मते मुदत १७ ऑक्टोबरपर्यंत आहे, कारण तिसऱ्या सायकलचा बीटा एचसीजी (गर्भधारणेच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट १७ ऑक्टोबर २०२३ ला निगेटिव्ह आला. तुमचे यजमान म्हणतात, केंद्राचा शेवटचा ईमेल एप्रिल २०२५ चा आहे, म्हणजे दोन वर्षं तिथून मोजायची. यजमानांचा हिशोब साफ चुकीचा आहे आणि तुमचा धोक्याचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. पत्रव्यवहार करत बसल्याने ही मुदत पुढे सरकत नाही. वकिलाची नोटीस पाठवली तरी सरकत नाही. ‘टीम बघते आहे’ या उत्तराने तर नाहीच नाही. या एका गैरसमजापायी चांगल्या तक्रारी मुदतबाह्य झालेल्या मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि दर वेळी चीड येते.

तुमच्या तक्रारीचं कारण नेमकं कधी घडलं? सायकल फसणं हे कारण नाही. आयव्हीएफ फसतं, चांगल्या हातांतही फसतं, आणि निव्वळ त्यासाठी कोणताही आयोग डॉक्टरांना दोषी धरणार नाही. तुमची तक्रार आहे की फ्रीज केलेले एम्ब्रियो असताना, किंवा त्यांचं काय झालं हे न सांगता, तुम्हाला पुन्हा स्टिम्युलेशनला, म्हणजे अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांना, बसवलं. ते घडलं तिसऱ्या सायकलच्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी. तुम्हीच लिहिलं आहे, ‘हरतालिका होती, सासूबाई पूजेची तयारी करत होत्या आणि मी फ्रीजमधून इंजेक्शनचं पेन काढून आतल्या खोलीत गेले.’ २०२३ ची हरतालिका १८ सप्टेंबरला होती. एक लाख ऐंशी हजारांची पावतीही त्याच तारखेची आहे. समोरचा वकील हाच दिवस धरणार, म्हणून आपणही हाच धरायचा. १७ ऑक्टोबर बरोबर ठरेलही कदाचित, पण ते ठरवून घ्यायला वर्ष-दोन वर्षं जातील, आणि ती घालवायचं काही कारण नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कळलंच मुळी जुलै २०२४ मध्ये. हा मुद्दा खरा आहे, तक्रारीत तो मी लिहीनच. वैद्यकीय प्रकरणांत दोष नंतर उघड झाला तर मुदत कळल्या दिवसापासून मोजता येते. पण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला एक निकाल डोळ्यांपुढे ठेवा. मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्या गोव्याच्या एका नर्सचं ते प्रकरण. शस्त्रक्रिया १९९३ ची, पोटात राहिलेलं गॉज (शस्त्रक्रियेत वापरायचं जाळीदार कापड) निघालं २००२ मध्ये, तक्रार झाली २००४ मध्ये. न्यायालय म्हणालं, इतकी वर्षं दुखत होतं तर चौकशी करायला हवी होती. तक्रार मुदतीबाहेर ठरली. कळलं कधी एवढंच बघत नाहीत, काळजी घेतली असती तर कधी कळलं असतं हेही बघतात.

आणि तुमच्या बाबतीत डिस्चार्ज समरीचं ते पान मार्च २०२३ पासून तुमच्याच कपाटात होतं. निळ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये, तारखेनुसार लावलेलं, प्रत्येक सोनोग्राफीला पंचिंग मशीनने भोकं पाडून. इतकी नीट फाईल ठेवलीत आणि तिसऱ्या सायकलचे पैसे भरण्याआधी कोणीच ती उघडून वाचली नाही? दोघंही शिकलेले आहात. रागावते आहे, कारण ते पान घेऊन त्याच दिवशी एक प्रश्न विचारला असता तर दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं आणि एक भूल कदाचित वाचली असती. अशा वेळी माणूस कागद वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे मला माहीत आहे. पण समोरचा वकील ही मनःस्थिती ऐकून घेणार नाही.

विलंब माफीचा अर्ज करता येतो, कलम ६९ मध्येच ती तरतूद आहे. पण पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाने माफी दिली तर तिची कारणं नोंदवावी लागतात. मुदतीत राहणं शक्य असताना त्या वाटेला जाऊ नका. पहिल्या दोन सायकलींच्या तक्रारी मात्र गेल्या. दुसरीतल्या एम्ब्रियोंचा हिशोब मागता येईल, पण तिच्या खर्चाची भरपाई मिळेल असं मी सांगणार नाही.

आता त्या पाच स्टारबद्दल. पत्राचा निम्मा भाग तुम्ही त्यावरच खर्च केला आहे. ट्रान्सफरसाठी लघवी रोखून टेबलावर पडला होतात, नर्सने टॅब पुढे केला, ‘मॅडम, आमच्यासाठी पाच द्या हं’ म्हणाली, आणि तुम्ही पाच दाबून खाली ‘सगळे खूप प्रेमळ आहेत’ असं लिहिलंत. मनात हीच भीती होती की कमी दिले तर आत नीट बघणार नाहीत. त्याची लाज वाटून घेऊ नका. तो अभिप्राय म्हणजे संमती नव्हे, हक्क सोडल्याचा कागद तर मुळीच नव्हे. नर्सच्या वागण्याबद्दलचं मत आणि एम्ब्रियोची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल हाती येण्याआधी, कमरेखाली चादर असताना घेतलेल्या अभिप्रायावर कोणी उपचाराचा दर्जा सिद्ध करत असेल तर आयोगापुढे ते टिकेल असं मला वाटत नाही.

अशी पत्रं मला सतत येतात. कळव्याहून, नेरुळहून, घणसोलीहून. मूल झालं नाही याचा राग त्यांत कमी असतो. दर वेळी वेगळा डॉक्टर, तीन तास बसवून चार मिनिटांची भेट, वाईट बातमी कोऑर्डिनेटरच्या फोनवर, ‘का फसलं’ या प्रश्नाला ‘पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर, याचा राग असतो. यातला बराच भाग कायद्याच्या हातात नाही. तुटक बोलल्याबद्दल भरपाई मिळवणं अवघड आहे. पण माहिती न देणं कायद्याच्या हातात नक्की आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत ७.२१ हा नियम आहे. पत्नी आणि पती दोघांची लेखी संमती असल्याशिवाय आयव्हीएफ करायचं नाही. ती संमतीसुद्धा रुग्ण स्त्रीला समजेल अशा भाषेत हेतू, पद्धत, धोके, त्रास आणि पदरी येऊ शकणारी निराशा सांगितल्यानंतरच घ्यायची. निराशेचा उल्लेख खुद्द नियमात आहे! पुढे सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ आला, २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि दुष्परिणाम समजावून सांगणारं समुपदेशन हे त्याने केंद्राचं कर्तव्यच ठरवलं. तुम्हाला जी वागणूक टोचली तिचा हा भाग तक्रारीत ठामपणे लिहायचा, बाकीचा दोन ओळींत.

कामाला लागा. आज रात्रीच केंद्राला ईमेल करा आणि संपूर्ण केस पेपर मागा, त्यात एम्ब्रियॉलॉजीच्या लॅबच्या नोंदी आणि सह्या केलेले सगळे संमतीपत्र. २००२ च्या त्याच नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ‘जुनं रेकॉर्ड ठेवत नाही’ असं म्हणाले तर २०२१ च्या कायद्याने दहा वर्षं ठेवायला सांगितलं आहे, हे लिहून कळवा. कागद आले नाहीत तरी थांबायचं नाही. तक्रार दाखल करून आयोगामार्फत मागवता येतात. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असायला हवा, तिकडेही एक प्रत द्या, पण उत्तराची वाट बघू नका.

नोंदीत काय निघेल, हे मी आत्ता सांगू शकत नाही. तीन एम्ब्रियो खरोखर फ्रीज असतील. लॅबमध्ये वाढवताना पाचव्या दिवसापर्यंत टिकले नसतील आणि समरी टाइप करणाऱ्याने जुनाच मजकूर ठेवला असेल, असंही होऊ शकतं. तसं निघालं तर भरपाई बरीच कमी होईल, पण तुम्हाला सांगितलं का नाही हा प्रश्न उरेलच.

ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते आणि केंद्रही ठाण्यातच आहे, म्हणून अधिकारक्षेत्राचा वाद नाही. (खारघर, कामोठे, पनवेलच्या वाचकांनी लक्षात ठेवा, तुमचा जिल्हा रायगड.) तिसऱ्या सायकलवर औषधांसकट दोन लाख साठ हजार दिलेत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला शुल्क नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. सासूबाईंना कळेल ही तुमची भीती मी समजू शकते. तक्रारीची नोटीस केंद्राला जाते, तुमच्या घरी नाही. पुढच्या पत्रव्यवहारासाठी वकिलाचा पत्ता द्या.

परवा गणपती बसतील. विसर्जन ६ सप्टेंबरला. मग ८ तारखेला पितृपक्ष लागेल आणि घरातलं कोणीतरी म्हणेल की या पंधरवड्यात नवीन काम नको. १८ सप्टेंबर त्या पितृपक्षातच येतो. म्हणून गौरी-गणपतीच्या धावपळीतच एक दुपार काढा आणि विसर्जनाच्या आत प्रतिज्ञापत्रावर दोघांच्या सह्या होऊ द्या.

निकाल कधी लागेल ते विचारू नका. समोरच्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यायचं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, कधी सदस्याची जागाच रिकामी असते. मूल व्हावं म्हणून आधीच वय मोजत बसलेल्या बाईला आणखी वर्षं मोजायला लावणं हा अन्याय आहे, आणि त्यावर माझ्याकडे आज इलाज नाही. दाखल मात्र वेळेत करणं तुमच्या हातात आहे.

एक राहिलं. समरीचा फोटो पाठवलात, पण फ्रीजिंगच्या संमतीपत्राचा नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे तुम्हा दोघांच्या लेखी सूचनेशिवाय एम्ब्रियो फ्रीज करताच येत नाहीत. निळ्या फाईलमध्ये तो कागद आहे का, त्यावर सही कोणाची आणि तारीख कोणती, ते आज बघा आणि मला कळवा.