चौथा फोटो

प्रश्न असा आहे: ‘तुम्ही स्वतः काढलेलं एखादं चित्र किंवा घरातला एखादा जुना फोटो, त्यामागच्या गोष्टीसकट इथे द्याल का?’

देते. चित्र माझं आहे, फोटो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेला. दोन्ही एकाच जागेचे आहेत, हे कळायला मात्र आम्हाला पंचेचाळीस वर्षं लागली.

आधी फोटो. कृष्णधवल, चौकोनी, सव्वादोन इंची, भोवती पांढरी किनार. घाटाच्या पायऱ्यांवर आई बसलेली आहे, लग्नाला दीडेक वर्ष झालेली. दोन्ही हात कानांपाशी, डोळे किंचित मिटलेले. मागे पेन्सिलीने अण्णांच्या अक्षरात ‘कृष्णा – ४’ एवढंच. अण्णा तेव्हा कराडला शिक्षक होते, त्यामुळे हा कराडचा घाट हे घरात गृहीतच होतं. आणि आई काय करतेय? तर कुड्या नीट करतेय. हे आजीचं म्हणणं. लग्नात आजीने आपल्या मोत्याच्या कुड्या सुनेला घातल्या होत्या. आमचं गाव माण तालुक्यातलं. गावी कुणी पाहुणा आला की आजी ट्रंकेतून हा फोटो काढायची आणि म्हणायची, ‘बघा, माझ्या कुड्या कशा मिरवतीय.’ कुड्या फोटोत दिसत नाहीत, हातांखाली झाकल्यात. पण आजीने सांगितलं की त्या दिसायला लागायच्या.

इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वर्षी मी या फोटोवरून पेन्सिलने किती वेळा चित्र काढलं असेल, मोजदाद नाही. मनुष्याकृतीचा सराव म्हणून काढायचे. आईचे हात कधी जमले नाहीत, पण मागच्या पायऱ्या, देवळाची कड आणि कोपऱ्यातली ती छोटी दगडी खोली हाताला पाठ झाली.

आता चित्र. जानेवारी २०१९, रविवार, मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. कलाशाळांची मुलं इथे लँडस्केपला येतात, सिनेमावालेही येतात. मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जलरंग. त्या दिवशी काळ्या दगडाने फार छळलं. ट्यूबमधला काळा लावला की दगड मरतो, भिंतीला डांबर फासल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ओल्यातच एकमेकांत सोडले की कुठे गार, कुठे उबदार असा राखाडी मिळतो आणि मग तो उन्हात तापलेला बेसॉल्ट वाटतो. वरच्या पायऱ्यांवरचं ऊन म्हणजे निव्वळ कोरा कागद आहे, तिथे रंग नाही. डावीकडे पाण्यात जो नक्षीदार डाग दिसतोय ती माझी करामत नाही. शेजारी एक मावशी गोधडी आपटत होत्या, त्यांचे शिंतोडे ओल्या रंगावर उडाले. त्यांनी चित्रात डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘मला नाही काढलं व्हय?’ म्हणून उजवीकडे ती लाल रेघ आली.

मग मी घंटेची खोली काढायला घेतली. मेणवलीची घंटा हा एक वेगळाच प्रकार आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्यातल्याच. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे साल आहे, आणि ती शंकराच्या देवळाशेजारी लटकते. तिची ती कमानीची दगडी खोली मी काढत होते आणि हात आपोआप चालला होता. कमान, तिच्या डाव्या अंगाची उतरती कड, खाली पायऱ्यांचा तुटलेला कोन. बघून काढत नव्हतेच मी. हे मी आधी काढलेलं होतं, पंचवीस-तीस वेळा, नववीत असताना.

त्याच संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, ‘तो कृष्णेचा फोटो कराडचा नाही. मेणवलीचा आहे. तुझ्या मागे घंटा आहे.’

आई आधी गप्पच झाली. मग हसत सुटली. म्हणाली, ‘अगं, त्या घंटेपायीच तर सगळं निभावलं.’

हकिकत अशी. बहात्तरच्या दुष्काळात गावाकडे कडबा मिळेना. आजोबांची बैलजोडी विकायची पाळी आली. अण्णांनी आईच्या कुड्या कराडच्या एका सराफाकडे गहाण टाकल्या आणि पैसे आजोबांना पाठवले. आजीला सांगितलं की पगारातून शिल्लक टाकलेले आहेत. बैल वाचले. आपल्या पोराने पगारातून बैल वाचवले म्हणून आजी गावभर सांगत सुटली, त्यामुळे खरं सांगायची सोयच उरली नाही. आई कानाचं भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालायची. गावी जायची वेळ आली की खड्यांचे टॉप्स. कुड्या रोज वापरून झिजतील म्हणून ठेवल्यात, असं दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा आजीने पत्रात लिहवून घेतलं की सुनेचा कुड्या घातलेला फोटो पाठवा.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर शाळेतल्या एका सरांच्या घरचं लग्न वाईला होतं. त्या सरांकडे क्लिक थ्री होता. आजच्या पोरांसाठी सांगते: आग्फाचा साधा कॅमेरा, १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो, मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत चावी फिरवायची. रोल सरांचा, म्हणून अण्णांना दोनच फोटोंची परवानगी. चौथा आणि पाचवा. आईला पायरीवर बसवलं आणि अण्णांनी खटका दाबला त्याच क्षणी सरांच्या पुतण्याने घंटेवर टोला दिला. आईने दचकून कान झाकले. एवढंच.

त्या फोटोची एक प्रत टपालाने गावी गेली. आजीला तिच्या कुड्या दिसल्या. आईने कधी ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. पंच्याहत्तरमध्ये कुड्या सोडवल्या. आजी गेली २००१ मध्ये, तोवर हे अण्णा, आजोबा आणि आई या तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. मला मनापासून वाटतं की आजीला सगळं कळलं होतं. ज्या बाईने डाळीतला खडा कधी सोडला नाही, ती हे सोडेल?

मग मला पाचव्या फोटोची आठवण झाली. अण्णा नेहमी म्हणायचे, ‘पाचवा हलला, म्हणून छापला नाही.’ अण्णांच्या कागदांत बटर पेपरच्या पाकिटात दोन चौकटींची निगेटिव्हची पट्टी सापडली. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा करून त्यावर ती धरली, मोबाइलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले. (तुमच्याकडे जुन्या निगेटिव्ह असतील तर एवढ्याने काम भागतं, चांगली प्रत हवी तर स्कॅन करून घ्या. आणि फोटोच्या मागे नाव-गाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचे वळ पुढे उठतात.)

पाचवा फोटो जराही हललेला नाही. उलट चौथ्यापेक्षा सरस आहे. आईचे हात मांडीवर आलेत, ती पुतण्याकडे बघून खळखळून हसतेय, मागे घंटा आहे आणि दोन्ही कान उघडे, रिकामे. काडी काही दिसत नाही, क्लिक थ्रीच्या भिंगाकडून तेवढी अपेक्षाही नको.

इथे टाकू का म्हणून आईला विचारलं. कुड्यांचं सांगायला तिची हरकत नाही, ‘आता कुणाचं काय जातंय’ म्हणाली. पण फोटो चौथाच टाकायचा. पाचव्यात तिचे दात दिसतात.

म्हणून खाली चित्र आहे आणि चौथा आहे.