महागडे सिरम की साधे क्रीम?

प्रश्न : मी 36 वर्षांची असून जुळे सोलापूरमध्ये राहते व शाळेत शिकवते. रोज दुचाकीवरून जाणे-येणे असते. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले आहेत आणि हिवाळ्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, चेहरा फार कोरडा पडतो. पुण्याच्या भावजयीने ‘क’ जीवनसत्त्वाचे 30 मिलिलिटरचे सिरम आणून दिले. त्याची किंमत 2,400 रुपये आहे. त्याच कंपनीचे क्रीम व सनस्क्रीनही घेतले तरच गुण येईल, असे ती म्हणते. सासूबाईंच्या मते ग्लिसरीन पुरेसे आहे. महागडी प्रसाधने खरोखर अधिक गुणकारी असतात का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : सनस्क्रीनपासून सुरुवात करते, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख ओझरता आला असला, तरी वांगाच्या उपचाराचा पाया तोच आहे. वेष्टनावरील एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो. चेहरा व मान यांना तेवढा थर द्यायचा, तर तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा, म्हणजे सुमारे 1 ग्रॅम सनस्क्रीन लागते. शाळेला निघताना एकदा आणि परतण्यापूर्वी पुन्हा एकदा लावले, तर 50 ग्रॅमची ट्यूब जेमतेम 25 दिवस पुरते. ही ट्यूब 1,500 रुपयांची असेल, तर नकळत हात आखडतो. हरभऱ्याएवढे क्रीम साऱ्या चेहऱ्याला पुरवले जाते आणि वेष्टनावर 50 असलेला आकडा प्रत्यक्ष गालावर कितीतरी खाली येतो. त्यापेक्षा 400 रुपयांची ट्यूब सढळ हाताने वापरणारीचे संरक्षण अधिक होते. एसपीएफ 30 असलेले सनस्क्रीन पूर्ण थरात सुमारे 97 टक्के आणि 50 असलेले सुमारे 98 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवते, त्यामुळे या दोन आकड्यांमधील फरकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए व यूव्हीबी या दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण) असा उल्लेख मात्र अवश्य पाहावा.

येथे एका ठिकाणी थोडा अधिक खर्च मला रास्त वाटतो. वांगाचे डाग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो प्रकाश अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाकडे झुकणारे टिंटेड सनस्क्रीन उपयोगी पडते. गव्हाळ वा सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरेफटकही दिसत नाही. एखादे स्वस्त सनस्क्रीन घामात चिकट होते म्हणून आपण ते लावणेच टाळत असाल, तर थोडे महाग पण रोज लावावेसे वाटेल असे घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर असतो, तेव्हा सनस्क्रीनवर सुती स्कार्फही बांधावा.

कोरडेपणाच्या बाबतीत मी नि:संकोचपणे सासूबाईंच्या बाजूची आहे. ग्लिसरीन त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवते, आणि हजारो रुपयांच्या क्रीमच्या घटकांतही ते बहुधा पहिल्या चार-पाच नावांत सापडते. मात्र कोरड्या हवेत धरलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून वर स्निग्ध थर लागतो, आणि त्या कामात साध्या पेट्रोलियम जेलीइतका परिणामकारक पदार्थ क्वचितच मिळेल. निव्वळ ग्लिसरीन चिकट वाटते. म्हणून चेहरा टॉवेलने न घासता हलकेच टिपावा आणि त्वचा ओलसर असतानाच थोडे पाणी मिसळलेले ग्लिसरीन व त्यावर जेलीचा अगदी पातळ हात लावावा. मुरमे येत असतील, तर जेलीऐवजी ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) असलेले साधे लोशन बरे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा साका होऊन तो त्वचेवर राहतो आणि कोरडेपणा वाढवतो, म्हणून चेहऱ्याला साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरावा.

आता सिरमविषयी. ‘क’ जीवनसत्त्व प्रकाश, हवा आणि उष्णता यांनी लवकर बिघडते. ते टिकवण्यासाठी योग्य आम्लता आणि गडद, घट्ट बंद होणारी बाटली लागते, त्यामुळे त्याच्या किमतीचा काही भाग समर्थनीय आहे. उरलेला भाग सुगंध, देखणे वेष्टन आणि जाहिरात यांवर जातो, आणि सुगंधी द्रव्यांमुळे तर काहींना ॲलर्जीही होते. वांगासाठी 4 ते 5 टक्के नायसिनामाइड (‘ब-3’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेले सिरम याहून पुष्कळ कमी किमतीत मिळते, टिकतेही अधिक, आणि आपल्या हवेला तेच अधिक मानवेल असे माझे मत आहे. एकाच कंपनीची सर्व प्रसाधने घेतल्यानेच गुण येतो, या म्हणण्याला मात्र काहीही आधार नाही. हातातील बाटली वाया घालवू नका. ती फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी सनस्क्रीनच्या आधी वापरा आणि द्रव तपकिरी झाला की टाकून द्या.

स्वस्त पर्याय शोधताना एका गोष्टीचे मला मनापासून भय वाटते. वांगासाठी म्हणून, किंवा रंग उजळण्यासाठी म्हणून, स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूब चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरेच उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर होते, बारीक केस व मुरमे येतात आणि ट्यूब बंद करताच आग होऊ लागते. अशा अनेक भगिनींचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकींनी केवळ शेजारणीच्या सांगण्यावरून ती ट्यूब आणलेली होती. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेल्या डब्यांतील क्रीमही घेऊ नये. अशा काही क्रीममध्ये पारा आढळलेला आहे.

तीन महिने नियमाने सनस्क्रीन लावूनही डाग फिके झाले नाहीत, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावे. ॲझेलाइक ॲसिड, ट्रेटिनॉइन यांसारखी परिणामकारक औषधे महागड्या सिरमहून स्वस्त असतात, परंतु ती सल्ल्यानेच वापरायची असतात, आणि ट्रेटिनॉइन तर गरोदरपणात वर्ज्य आहे. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सर्व ट्यूब व बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.