गोचीड चावली तर माकडताप होतोच का?

नाही, होतोच असं अजिबात नाही. माकडताप म्हणजे गोचिडीतून माणसांना आणि माकडांना होणारा विषाणूचा ताप. बहुतेक वेळा चावलेल्या जागी आठवडाभर खाज आणि बारीक गाठ, एवढ्यावरच भागतं. आजार व्हायला ती गोचीड आधीच संसर्ग झालेली असावी लागते, आणि तशा गोचिडी ठरावीक भागातच सापडतात. अमेरिकेत लाइम या गोचिडीमुळेच होणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या पट्ट्यातसुद्धा चावलेल्या शंभरांत एक ते तीन जणांनाच तो होतो.

पण तुम्ही सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा किंवा गोव्यातल्या सत्तरीकडचे असाल तर गाफील राहू नका. तिकडे माकडताप खरंच आहे. डिसेंबर ते मे जपायचं, कारण काजूच्या बागेत पाचोळ्यात गोचिडीची खसखशीएवढी पिल्लं असतात, चावलेलं कळतही नाही. माकडं मेलेली दिसली तर तिकडे फिरकू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

अंगावर सापडली तर रॉकेल, चटका काही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाने धुवा. माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांत डोकं वर काढतो. त्यामुळे पुढचे दोन आठवडे जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर लगेच डॉक्टरकडे जा आणि 'गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगा.