गावाकडच्या मुलींच्या धावण्याच्या उपक्रमाला बाहेरगावी राहून कशी मदत करावी?

आपण लिहिले आहे की, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आपल्या मूळ गावी पाचवी ते आठवीच्या मुलींचा आत्मविश्वास वाढावा म्हणून धावण्याचा एक उपक्रम चालतो, आपण नोकरीनिमित्त पुण्यात असता, आणि वार्षिक शर्यतीची बक्षिसे व टी-शर्ट द्यावेत की मुलींना बूट घेऊन द्यावेत, हे ठरत नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात मी काही वर्षे अशाच मुलींबरोबर काम करीत आले आहे. त्यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की आपला पहिला पैसा या दोन्हींपैकी कशालाही जाऊ नये. तो मुलींना आठवड्यातून दोनदा न चुकता मैदानावर भेटणाऱ्या ताईंच्या मानधनाला जावा.

धावल्याने आत्मविश्वास आपोआप वाढतो, असे नाही. चुकीच्या रीतीने पळवले तर तो कमीही होतो. सर्वांसमोर शेवटी येणाऱ्या मुलीच्या मनात ‘मला जमत नाही’ एवढेच पक्के होते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडले की ‘हे मला जमेल’ ही खात्री आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला जमताना पाहून येते, कुणी धीर दिल्यानेही येते, पण सर्वांत पक्की खात्री ती गोष्ट स्वतः करून दाखवल्याने येते. मैदानावर हे असे घडते. प्रत्येक मुलगी सुरुवातीलाच आज आपण किती फेऱ्या मारणार हे स्वतः ठरवते आणि मोठ्याने सांगते. मग शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने, दम लागला तर चालत, तेवढ्या फेऱ्या ती पूर्ण करते आणि शेवटी आपल्या हाताने वहीत आकडा लिहिते. तीन म्हणाली आणि तीन केल्या, एवढीच ती गोष्ट असते. मात्र ती लक्षात ठेवणारे आणि ‘मागच्या मंगळवारी तू तीनवर थांबली होतीस, आज चार म्हणालीस आणि केल्यास’ असे तिला सांगणारे मोठे माणूस तिथे असावे लागते. ते माणूस दर महिन्याला बदलले तर वही उरते, पण वहीतला अर्थ जातो.

अमेरिकेतील ‘गर्ल्स ऑन द रन’ हा उपक्रम मॉली बार्कर यांनी १९९६ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहरात १३ मुलींना घेऊन सुरू केला. तिथेही तिसरी ते आठवीच्या मुलींचे लहान गट प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकांबरोबर काही आठवडे नियमित भेटतात आणि शेवटी ५ किलोमीटर धावतात. त्या धावेत पहिले कोण आले याला महत्त्व नसते, प्रत्येकीने अंतर पूर्ण करणे हाच हेतू असतो. आपल्याकडे अशा उपक्रमांतून नेमका हा भाग गळतो आणि शेवटची शर्यत तेवढी उचलली जाते, कारण शर्यतीला पाहुणे बोलावता येतात आणि फलक लावता येतो.

आपल्या भागाची एक अडचण मला या सर्वांहून मोठी वाटते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सीमाभागातील खेड्यांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या भरतीसाठी पळत आली आहेत. पहाटे रस्त्याने धावणारा मुलगा दिसला तर कोणीही त्याला कुठे निघालास म्हणून विचारत नाही. गावात त्याच्यासाठी तालीम असते, पटांगण असते, देवळाचा कट्टा असतो. बारा वर्षांची मुलगी मात्र घराबाहेर दिसते ती कोणत्या तरी कामासाठी: पाणी, वैरण, दळण, धाकट्या भावाला आणणे किंवा शाळा. काहीही काम नसताना, केवळ स्वतःसाठी तिने तासभर गावाच्या डोळ्यांसमोर असावे, ही गोष्ट अनेक घरांत अजून कोणाच्या मनातही आलेली नसते. म्हणूनच चौथ्या फेरीपेक्षाही, ‘मी आज धावायला जाणार आहे’ हे घरात सांगणे ही तिची खरी पहिली कमाई असते. आणि म्हणूनच ताई त्याच गावातली किंवा शेजारच्या गावातली, आईच्या ओळखीची असावी लागते. मुलगी दोनदा आली नाही तर तिच्या घरी जाऊन, चुलीपाशी बसून, आजीशी बोलून कारण समजून घेणे हे काम शहरातून मोटारीने येणाऱ्या प्रशिक्षकाला साधत नाही.

ही ताई बहुधा लग्न होऊन गावात आलेली, शिकलेली, शिवणकाम किंवा शेती सांभाळणारी तरुण बाई असते. ‘सेवाभावाने करील’ असे गृहीत धरून तिला काहीच न देणे हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय सुगीत रोजगार बुडवून ती येऊ शकत नाही आणि उपक्रम नेमका तिथेच तुटतो. तिच्याबरोबर दुसरी एक बाई असावी, म्हणजे एक आजारी असली तरी दिवस चुकत नाही आणि मुलींपाशी नेहमी दोन मोठी माणसे राहतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसने मोफत जाता येते, त्यामुळे शेजारच्या गावाहून येणाऱ्या ताईच्या प्रवासाचा खर्च फारसा उरत नाही. पण शेवटची बस चुकली तर वडापचे भाडे कोण देणार, हे आधीच ठरलेले बरे.

वेळेबद्दल आग्रहाने सांगते. पहाटेचे धावणे मुलांना जमते, मुलींना नाही, कारण सकाळी घरातली निम्मी कामे त्यांच्यावर असतात, आणि भीमगड अभयारण्यालगतच्या गावांत अस्वलांच्या भीतीने पहाटे कोणी लेकीला बाहेर सोडणार नाही. शाळा सुटल्यावर, शाळेच्याच मैदानावर, दिवेलागणीच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ सर्वांत सोयीची असते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात जून ते सप्टेंबर मैदान हाती लागत नाही. ते महिने शाळेच्या व्हरांड्यात व्यायाम, दोरीउड्या आणि बोलणे यांत घालवावेत. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्ते भरतात, तेव्हा मुलींना डांबरी रस्त्यावर अजिबात नेऊ नये. मैदानासाठी मुख्याध्यापक आणि एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा विकास व देखरेख समिती, यांची लेखी परवानगी असावी.

बुटांविषयी थोडेच सांगते. सरकारी शाळेतून मिळणारे काळे बूट धावण्याचे नसतात, पण मातीच्या मैदानावर सुरुवातीच्या अंतरासाठी साधे कापडी बूटही चालतात, आणि या वयात पाय इतके भराभर वाढतात की एकदाच मोठी खरेदी करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ज्याबद्दल कोणी बोलत नाही, त्या गोष्टीला पैसे द्या. सातवी-आठवीच्या मुली धावणे सोडतात त्याचे एक सरळ कारण असे असते की अंगाला नीट आधार देणारे आतले कपडे त्यांच्याकडे नसतात, धावताना त्यांना संकोच वाटतो आणि हे सांगायला कोणी नसते. स्पोर्ट्स ब्रा, पॅड, आणि बंद होणारे दार व आत पाणी असलेले स्वच्छतागृह, एवढ्यावर केलेला खर्च दहा पदकांपेक्षा अधिक मुलींना मैदानावर टिकवतो. ही खरेदी ताईने मुलींच्या आयांना बरोबर घेऊन करावी. आपण फक्त रक्कम द्यावी.

खाण्याकडेही लक्ष हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या गावच्या मुली याहून थोड्या लहान असल्या तरी याच वाटेवर आहेत. लवकर दमणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी आशाताईंच्या मदतीने प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती खरोखर घेते का ते पाहावे. धावून झाल्यावर मूठभर शेंगदाणे आणि गूळ, किंवा एक केळे, एवढे पुरते. पण ते प्रत्येक वेळी मिळाले पाहिजे.

सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे उपक्रम चालवणाऱ्यांचे लक्ष आपण वेधावे. एकाच गावात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या मुली असतात, आणि त्या एकाच गटात धावाव्यात. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत नोंदणीच्या टेबलावर बहुतेक बोलणे कन्नडमध्ये चालते. आमच्याकडच्या चांगल्या धावणाऱ्या मराठी मुली तिथे स्वतःचे नाव सांगायलाही कचरताना मी पाहिल्या आहेत. ज्या मुली कन्नड मैत्रिणींबरोबर फेऱ्या मोजत आल्या, त्या त्याच टेबलापाशी ताठ उभ्या राहून बोलतात. याला वेगळा खर्च लागत नाही. गट करताना फक्त ध्यानात ठेवावे लागते.

वडिलांना पटवताना पुष्कळ लोक भरतीचे नाव काढतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लष्करी पोलीस दलातील महिला शिपायांच्या भरतीचा मेळावा बेळगावातच झाला, तेव्हापासून ते नाव घराघरांत माहीत आहे. बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले, हेही मुलींना जरूर सांगावे. आपल्या बाजूच्या गावची मुलगी तिथवर गेली हे ऐकून त्यांचे चेहरे बदलतात. मात्र नोकरी आणि पदक हीच धावण्याची किंमत ठरली, तर ज्या मुलींना ती मिळणार नाहीत त्यांना घरचे पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत, आणि हा उपक्रम मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

वार्षिक शर्यत बंद करा, असे मी म्हणत नाही. पण पहिल्या तिघींना रोख बक्षीस देण्याऐवजी अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकीचे नाव पुकारावे आणि ते पुकारताना तिची आई तिथे असावी. शेवटी येणाऱ्या मुलीबरोबर ताईने स्वतः धावावे. आपण प्रायोजक म्हणून मुलींचे फोटो मागू नका, आणि पालकांच्या संमतीशिवाय ते कोणी व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकणार नाही अशी अट घाला. हिशेब वहीतून समजतो; त्यासाठी कोणाच्या लेकीचा चेहरा लागत नाही. मुलींबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला बाललैंगिक अत्याचारविरोधी २०१२ चा पॉक्सो कायदा आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक माहीत असावा. असा प्रकार कानावर आला तर गावात मिटवून न टाकता पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, हे ताईंना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले असावे.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. उपक्रम चालवणाऱ्यांना फोन करून दोन्ही ताईंना महिन्याला काय मिळते आणि कोणत्या महिन्यांत ते थकते, हे विचारा. पूर्ण शैक्षणिक वर्षाचे मानधन एकदम देता येत नसेल तर जेवढे जमेल तेवढे दरमहा ठरलेल्या तारखेला द्या, आणि पुढच्या वर्षी देणार की नाही ते मार्चमध्येच कळवा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना ताईला दुसरे काम धरावे लागणार नाही. त्यातून उरले तर आतले कपडे, पॅड आणि खाऊ यांना द्या, आणि त्यानंतरही उरले तर बुटांना. सुट्टीत गावी गेलात की आधी मुख्याध्यापकांना कळवून, घरातील बाईमाणसाला सोबत घेऊन मैदानावर जा, भाषण न करता बाजूला बसा, आणि एखादीने स्वतःहून वही दाखवली तर ती नीट वाचा.