पणजोबांचा बिल्ला घासायचा का?

प्रश्न: नमस्कार, सासूबाईंची ट्रंक आवरताना खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक मेडल निघालं. पार काळं पडलंय, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४, १९१८ असे आकडे. सासूबाई म्हणतात हा त्यांच्या आजेसासऱ्यांचा बिल्ला, ते बसऱ्याच्या लढाईला गेलेले. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत त्यातलं फक्त १०३ आणि पुढे मराठा असं काहीतरी लागतंय. दीर म्हणतात घासून लखलखीत करून फ्रेम करू, सोनार म्हणाला चांदी चांगलीये, मोडून टाका. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, आधी दिरांना थांबवा. चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही, कारण ती कडेची अक्षरं झिजली की संपलं, त्याच अक्षरांत तुमच्या मिस्टरांच्या पणजोबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण आहे. असली हजारो मेडलं जगात सारखीच आहेत, तुमचं वेगळं आहे ते फक्त त्या कडेमुळे. आणि मोडायचं तर नावच काढू नका, चांदी बाजारात कधीही मिळेल.

हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल आहे, राजा म्हणजे पाचवा जॉर्ज. १०३ म्हणजे १०३वी महरट्टा लाइट इन्फंट्री, आजची आपली पहिली मराठा, जंगी पलटण! ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होती, ते लोक बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने चढत गेले, मग मागे हटून कुट गावात अडकले. डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेचा वेढा, खायला शेवटी घोड्याचं मांस, ते आपल्यातल्या कित्येकांनी उपाशी राहूनही नाकारलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, खूप जण वाटेतच गेले. आता पणजोबा कुटमध्ये होते का हे नुसत्या या मेडलवरून सांगता येणार नाही, पण ट्रंक पुन्हा नीट बघा. सोबत तांबूस रंगाचं, पंखवाल्या बाईचं मेडल असायला हवं, आणि चार टोकांचा ब्राँझचा तारा मिळाला तर ते १९१५ संपायच्या आत लढाईवर पोचले होते असं समजा.

अक्षरं वाचायला मेडल अंधाऱ्या खोलीत ठेवून बाजूने तिरका टॉर्च मारा आणि मोबाईलने कडेचे फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. ते फोटो घेऊन बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लिहा. गावच्या चावडीत किंवा देवळाजवळ महायुद्धाला किती माणसं गेली याची संगमरवरी पाटी आहे का तेही बघा, आपल्याकडे कितीतरी गावांत आहे आणि लोक रोज तिच्यासमोरून जातात.

ठेवताना कोरड्या सुती कापडात ठेवा, रबरबँड आणि प्लॅस्टिकची पिशवी नको. फ्रेम करायचीच तर कड झाकली जाणार नाही आणि मेडलला गोंद लागणार नाही अशी करा. आणि तो खणाचा तुकडा फेकू नका हो, तो कुणी गुंडाळला, कुणाच्या चोळीचा होता, हे सासूबाईंना आजच विचारा आणि त्या बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.