कोपीवरची मुलं, एसटीतला प्रश्न आणि डब्यातलं सुकट

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुलं येतात. माझ्या चौथीच्या वर्गात 22 मुलं गावातली, 8 कोपीवरची, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांतली. गावातली मुलं त्यांच्याशेजारी बसत नाहीत, त्यांच्या बोलण्याच्या नकला करतात. 'आपण सगळे समान' असं परिपाठात रोज सांगते, फरक पडत नाही. काय करावं?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : परिपाठातलं सांगणं काही दिवस बंद ठेवलंत तरी बिघडणार नाही. मुलं बाईंचं ऐकतात थोडं आणि बाई वर्गाची मांडामांड कशी करतात ते बघतात जास्त. 'कोपीवाल्यांनो, वह्या न्यायला या' ही हाक आधी थांबवा. अमेरिकेत रिबेका बिगलर यांनी प्राथमिकच्या मुलांना दोन रंगांचे टी-शर्ट घालून वर्गात बसवलं होतं. ज्या वर्गांत शिक्षक रंगावरून रांगा लावत, कामं वाटत, तिथल्या मुलांना आपल्याच रंगाची मुलं चांगली वाटू लागली. रंगाचा उल्लेखच होत नव्हता त्या वर्गांत तसं झालं नाही. म्हणून नावानं हाक, मिसळलेली हजेरी आणि पहिल्या दिवसापासून पटावर नाव. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 5 तसं स्पष्ट सांगतं.

मग 'जिगसॉ' पद्धत लावून बघा. 1971मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं ती बसवली. मर्म एवढंच, की धड्याचा एक तुकडा एकाच मुलाकडे असतो. त्याचं ऐकल्याशिवाय बाकीच्यांचा धडा पुरा होत नाही.

तुमच्या 30 मुलांचे पाच-पाचचे 6 गट होतील. विषय ज्वारी घ्या. ती बीडलाही पिकते, सांगलीलाही. ऊस मुद्दाम टाळा. 'तू सांग रे तोडणीचं' म्हटलं, की तो पोरगा पुन्हा कोपीवालाच ठरतो. पाच चिठ्ठ्या करा : पेरणी, राखण, काढणी, मळणी, साठवण. प्रत्येकीवर पाच-सहा ओळी आणि एक चित्र. 40 मिनिटांच्या तासात पहिली 5 मिनिटं चिठ्ठ्या वाटण्यात जातील. मग सगळ्या गटांतली 'पेरणी'वाली सहा मुलं एका कोपऱ्यात, 'राखण'वाली दुसऱ्या कोपऱ्यात, अशी 12 मिनिटं. तिथं ती चिठ्ठी मोठ्यानं वाचतात, अडलेलं एकमेकांना विचारतात, गटात जाऊन काय सांगायचं ते ठरवतात. ज्याला नीट वाचता येत नाही त्याची तयारी इथेच होते, म्हणून ही 12 मिनिटं कापू नका. मग आपापल्या गटात परत येऊन प्रत्येकानं तीन-तीन मिनिटं सांगायचं. उरलेल्या 8 मिनिटांत पाच प्रश्न, प्रत्येक चिठ्ठीवर एक. उत्तरं ज्यानं त्यानं लिहायची, गुण ज्याचे त्याला. गटाला गुण दिलेत, तर 'तुझ्यामुळं आमचे गेले' हे ऐकायची पाळी नेमकी त्याच मुलावर येते.

कोपीवरचं मूल गटात एकटं टाकू नका. चार गटांत दोन-दोन बसवा, दोन गट तसेच राहू देत. दोघं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी असतील तर अडलेलं एकमेकांना त्या भाषेत सांगतील, सांगू द्या. मात्र दोघांना चिठ्ठ्या वेगवेगळ्या, म्हणजे कोपऱ्यात ती आपोआप इतरांत जातात.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. हुशार मूल दुसऱ्याची चिठ्ठी ओढून स्वतःच वाचून मोकळं होतं. त्यासाठी दर वेळी नवा गटप्रमुख नेमा, त्याचं काम फक्त पाळी सांभाळणं. कोपीवरची मुलं मधेच गैरहजर राहतात, धाकट्याला सांभाळायला घरी थांबावं लागतं. म्हणून प्रत्येक गटात एका चिठ्ठीला जोडीदार तयार ठेवा. तिसरी अडचण तुमची स्वतःची : पहिले दोन-तीन तास नुसता कालवा होतो आणि शिक्षक पद्धत सोडून देतात. आठवड्यातून दोन तास, निदान सहा आठवडे, त्याआधी निकाल काढू नका. मार्चमध्ये पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, मुलं गावी जातात, म्हणजे सुरुवात डिसेंबरातच हवी.

प्रश्न : एसटीत माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, 'आई, त्या काकांना एक पाय का नाही?' मी तिला गप्प केलं. बरोबर केलं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : गप्प केल्यावर तिला एवढंच कळलं, की पाय नसणं ही लाजेची गोष्ट आहे. प्रश्न जेवढ्या आवाजात आला तेवढ्याच आवाजात उत्तर द्या : 'काहींना एकच पाय असतो. ते कुबडी घेऊन चालतात. कुबडी त्यांची आहे, आपण हात लावायचा नाही.' बास. 'बिचारे' नको आणि 'हट्ट केलास तर तुझंही तसंच होईल' हे तर मुळीच नको. पाय कसा गेला हे त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकावं, खोदून विचारू नये.

डोळ्यांना पट्टी बांधून 'अंध व्हा' असले खेळ शाळांत खेळवतात. पाच मिनिटांत मुलाला चाचपडण्याची भीती कळते. रोज काठी घेऊन सराईत चालणाऱ्या माणसाविषयी काहीच कळत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी घेऊन तिला इमारतीच्या दाराशी न्या. रॅम्पचा उतार 1 ला 12 असावा लागतो : पायरी 15 सेंटिमीटर उंच, तर रॅम्प निदान 180 सेंटिमीटर लांब. तुमच्या सोसायटीचा भरतो का ते तिलाच मोजू द्या. चाकाची खुर्ची कुठं अडते, ते बोट ठेवून दाखवता येईल.

प्रश्न : मुलगा म्हणतो, शेजारच्या मुलाच्या डब्यात सुकट असतं, घाण वास येतो. जागा बदलून मागू का?
– एक वडील, ठाणे

उत्तर : जागा मागू नका. वास येतो, हे खरंच आहे. हिंगाचा, शेपूचा, मुळ्याच्या भाजीचाही येतो. 'वास येतो' म्हणायला हरकत नाही, 'घाण' आणि 'शी' म्हणायचं नाही, एवढा भेद पहिलीतल्या मुलाला कळतो. चव घेण्याची सक्ती करू नका. 'आपण नाही बाई तसलं खात' हे वाक्य घरात कोण म्हणतं तेही एकदा बघा. त्याऐवजी 'आपल्याकडे करत नाहीत, त्यांच्याकडे करतात' म्हटलं, तर सांगायचं तेवढंच सांगितलं जातं, नाक मुरडणं वगळून.

प्रश्न : स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' बसवतोय. आदिवासी नृत्यासाठी पानांचे घागरे कुठं मिळतील?
– एक शिक्षक, पुणे

उत्तर : घेऊच नका. मेळघाटातलं कोरकू मूल तुमच्या मुलांसारखाच गणवेश घालून शाळेत जातं. त्याची भाषा मराठीची बोलीही नव्हे, ती मुंडा कुळातली. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या. सूत्रसंचालनात एवढं नीट आलं तरी पुष्कळ. वर्गासाठी याहून स्वस्त काम आहे : 'मुलगा'ला घरी काय म्हणतात ते विचारून या. झील, पोट्टा, आंडोर, पोरगं, जे येईल ते फळ्यावर लिहा. प्रमाण मराठीतला 'मुलगा' वर मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली बाकीचे लिहू नका. तोही त्याच ओळीत, त्याच खडूनं.